आरसा मोठ्या बॅगेत गेला

आमच्या ह्यांना माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, पायावरून येतो. बाजारात कोणी समोर येऊन हसलं की हे नुसते बघत राहतात. तो माणूस पँट वर करून नडगीवरचा व्रण दाखवतो, तेव्हा कुठे ह्यांची ट्यूब पेटते. मग भर रस्त्यात त्या व्रणाची विचारपूस चालते आणि मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात करत उभी राहते. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काढली त्यांनी. त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे पट्टीवालेच म्हणतात. मी पट्टीवाल्यांची बायको. माझ्या तोंडाचा पट्टा बघता हे नाव मलाच जास्त शोभतं, असं ह्यांचं मत आहे.

दवाखान्यात ते लागले फरशी पुसायला. एकदा पुसता पुसता एका म्हाताऱ्याचा सुजलेला पाय खुर्चीवरून घसरत होता, तो ह्यांनी टाचेखाली तळवा घालून अलगद वर ठेवला. तिथल्या मोठ्या सिस्टरने ते बघितलं. दुसऱ्या दिवशी फडकं काढून घेतलं आणि हातात चिमटा दिला. तेव्हापासून ती खोली त्यांची झाली. एक उंच टेबल, एक स्टूल, कापसाचा डबा, वाटोळा स्टीलचा ट्रे आणि दारात ताटकळलेली रांग. चिकटलेली पट्टी ओढून काढायची नाही, भिजवायची आणि थांबायचं, हा त्यांचा पहिला नियम. थांबायला वेळ नाही म्हणणाऱ्याला ते सांगायचे, मग जखमेलाही भरायला वेळ नाही.

आणखी एक नियम होता तो पेशंटबरोबर आलेल्यांसाठी. जखम उघडली की घरच्यांचे चेहरे पडतात. हे त्यांना आधीच बजावून ठेवायचे, की रडू आलं तर तोंड फिरवून रडा. पेशंट स्वतःच्या जखमेकडे बघत नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही रडलात की तो म्हणतो, संपलं आपलं. संध्याकाळी घरी येऊन हे सगळं मला ऐकवायचे आणि मी मशीनवर पाय मारत ऐकायची. मी शिवणकाम करते. मलाही माझे नियम आहेत, पण ते ऐकायला घरात कोणी नव्हतं.

पुढे ह्यांना साखर लागली. दहा-बारा वर्षं गोळ्यांवर निभावलं, पण हळूहळू पावलं बधिर झाली. जगाच्या पायांची काळजी केलेल्या माणसाला स्वतःच्या पायाखाली चटई आहे की फरशी हे कळेना. तरी मी म्हणायची, तुम्हाला काय काळजी, तुम्ही तर त्यातलेच. आणि एके दिवशी माझ्या शिवणाच्या टेबलावरचं एक बटण घरंगळलं ते थेट ह्यांच्या बुटात. साधं चार भोकांचं शर्टाचं बटण. दिवसभर हे त्या बटणावर चालले. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा डाव्या करंगळीखाली भोक पडलं होतं. दोन महिने झगडले, पण करंगळी गेली. बटण माझं होतं. ह्यांनी त्यावर एका शब्दाने मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

करंगळी काढल्यावर पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मी तिथे होते. त्यानंतर दोन वर्षं तो पाय मी बघितला नाही. ह्यांनी बघूच दिला नाही. रोज संध्याकाळी दाढीचा छोटा आरसा घेऊन आतल्या खोलीत जायचं, दार लोटायचं, आरसा तळव्याखाली धरून कुठे चिरलंय का, लाल झालंय का ते बघायचं, मलम चोळायचं आणि मोजे घालूनच बाहेर यायचं. मी दाराबाहेर मशीन चालवत बसायची. मला खात्री होती, बटण अजून ह्यांच्या मनात आहे. विचारायची हिंमत झाली नाही. माझ्यासारखीची हिंमत होत नाही म्हणजे बघा.

अशात लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. ती आणि जावई इतक्या लांब राहतात की विमानाने एका दमात पंधरा तास. मी जाणार हे ठरलेलंच होतं. हेही येणार म्हणाले, तेव्हा लेकीने आधी त्यांच्या पायाची चौकशी केली. मग म्हणाली, "बाबा, दोन्ही पाय घेऊन या. नाहीतर येऊ नका." बापाची लेक आहे, गोड बोलणं तिला शिकवलंच नाही कोणी.

मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय तपासला, रक्त नीट खाली उतरतंय ना हे मशीन लावून बघितलं आणि जायला हरकत नाही म्हणाले. पण पुन्हा जखम झाली तर या वेळी बोटावर भागणार नाही, हेही तोंडावर सांगितलं. इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसलं की पाय सुजतात, धडधाकट माणसाचेसुद्धा. म्हणून पोटरीला हलकेच आवळणारे मोजे घालायचे, तेही पांढरे, म्हणजे रक्त आलं तर लगेच दिसेल. कडेची जागा घ्यायची, तासाला उठून चालायचं, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे, पायावर पाय टाकायचा नाही, पाणी पीत राहायचं. आणि एक पाऊलही बुटाशिवाय टाकायचं नाही. हे मान डोलवत होते. हीच यादी त्यांनी हजारदा लोकांना सांगितली असेल.

आता तयारीची गंमत ऐका. बूट नेहमी संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय फुगलेला असतो, हे ब्रह्मवाक्य ह्यांचंच. पण ह्यांनी स्वतःचे नवे बूट आणले सकाळी दहाला, कारण संध्याकाळी शेजारच्या आजोबांची पट्टी बदलायची होती. मीही काही कमी नाही. गिऱ्हाइकाने रंगीत कापड आणलं की मी आधी सांगते, बाई, भिजवून रंग जातो का बघा, मगच माझ्याकडे टाका. आणि मी काय केलं? करंगळीच्या रिकाम्या जागी बूट घासू नये म्हणून डाव्या मोज्याला बाहेरून एक मऊ गादी शिवली. डावा-उजवा ह्यांना चष्म्याशिवाय कळावा म्हणून ती लाल दोऱ्याने शिवली. दोरा लेकीच्या शाळेतल्या भरतकामाच्या डब्यातला. तिचाच दोरा बाबांच्या पायाशी, म्हणून मी मनातल्या मनात हरखले होते. भिजवून बघायचं काही सुचलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्या घरात पाषाण दोन.

आणि तो आरसा मी मोठ्या बॅगेत टाकला, साड्यांच्या घडीत. काच आहे, फुटेल म्हणून. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण त्या वेळी डोकं मुलीच्या बाळंतपणात होतं.

विमान सकाळी सुटलं. उन्हाच्या मागे मागेच गेलं, त्यामुळे बाहेर दिवस काही संपेना. पहिले पाच-सहा तास आम्ही अगदी शहाण्यासारखे वागलो. दर तासाला मी ह्यांना कोपराने ढोसायची आणि हे उठून स्वयंपाकघरासारखी ती मागची जागा आहे तिथवर जाऊन यायचे. येताना दोन्ही बाजूंच्या लोकांचे पाय बघत यायचे. एक बाई पायाची घडी घालून झोपली होती, तिला उठवून सांगू का म्हणाले. मी हात धरून बसवलं.

मग माझा डोळा लागला. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली तेव्हा हे जागेवर नव्हते आणि त्यांचे बूट मात्र होते, समोरच्या सीटखाली, शेजारी शेजारी. मी त्या बुटांकडे बघतच राहिले. तेवढ्यात हे मागून आले, कसेनुसे हसत, आणि खाली बसताना डावा पाय उजेडात आला. पांढऱ्या मोज्यावर, नेमकं करंगळीच्या जागी, तळहाताएवढा लाल डाग पडला होता.

आधी वाटलं, ओरडावं. मग आठवलं की आतून त्यांना काहीच कळत नाही, म्हणजे अजून त्यांना ठाऊकच नाही. मी नुसतं बोट दाखवलं.

ह्यांनी खाली बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, चौतीस वर्षांची सवय. पण सीटच्या हाताला धरलेली बोटं पांढरी पडली. मी बूट कुठे गेले म्हणून विचारलं. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन तासांमागे पाय फुगले, नाडी रुतायला लागली असावी असं वाटून त्यांनी बूट काढले. मग पाय काही परत आत जाईनात. मला उठवायची लाज वाटली, सकाळी घेतलेल्या बुटांबद्दल मी काय काय बोलेन याची भीती वाटली, आणि मग निकड आली तेव्हा तसेच मोज्यांवर संडासात जाऊन आले. आत सगळी फरशी ओली होती. कशाला ठेचलं, काय रुतलं, त्यांना काय कळणार? माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या रागाच्या खाली नुसती भीती होती, ती मला माहीत होती.

आरसा दे, म्हणाले. मी म्हटलं, आरसा खाली सामानात आहे. ह्यांनी वाकून स्वतः बघायचा प्रयत्न केला, पण समोरची सीट पोटाला लागत होती आणि कंबर वाकत नव्हती. दोनदा वाकून बघितलं, जमेना, मग सरळ बसले. म्हणाले, उतरल्यावर बघू.

उतरायला अजून सात तास होते. मी डोक्यावरचं बोलवायचं बटण दाबलं. आली ती विमानातली मुलगी लेकीच्याच वयाची असेल. मोजा बघितल्यावर तिने एक शब्द जादा विचारला नाही. शेवटच्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथे आम्हाला नेलं, औषधांची पेटी आणली, हातमोजे दिले, डोक्यावरचा दिवा लावून दिला आणि आडोसा करून उभी राहिली. मी हात धुवून आले. हे खिडकीला पाठ लावून आडवे बसले होते, पण पाय अजून खालीच होता.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"तुला जमायचं नाही."

"का नाही जमणार? आयुष्यभर तुमचंच ऐकत आले ना?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तेव्हा तोंड फिरवलं होतंस. पट्टी सोडली तेव्हा. मी तुझ्याकडेच बघत होतो. तेव्हाच ठरवलं, हिला पुन्हा दाखवायचा नाही. किळस कोणाला चुकत नाही, त्यात तुझा दोष नाही."

मला आधी कळेचना हे काय बोलतायत. दोन वर्षं मी त्या लोटलेल्या दाराबाहेर बटणाचा हिशेब करत बसले होते आणि आत हा माणूस हे घेऊन बसला होता. मला हसू आलं की रडू, ते सांगता येणार नाही.

"मला रडू आलं होतं," मी म्हटलं. "बटण माझं होतं, बोट तुमचं गेलं, आणि मला रडू आलं. आणि रडू आलं तर तोंड फिरवायचं, पेशंटला दिसू द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी. मी तुमचा नियम पाळला हो."

ती विमानातली मुलगी आमची भाषा समजत नसावी, पण तिने मान खाली घातली. मग ह्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मोजा ओढायचा नाही, गुंडाळत खाली आणायचा, त्यांनी सांगितलं. आवाज अगदी दवाखान्यातला झाला होता. मी गुंडाळत आणला. मोज्याच्या टोकापाशी येऊन माझे हात थांबले. भिजव आणि थांब, चिकटलं असेल, ते म्हणाले. पण चिकटलं नव्हतं. मोजा सहज सुटला आणि पाय उजेडात आला.

सुजलेला होता, मोज्याच्या कडेचा वळ उमटला होता. करंगळीच्या जागी एक गुळगुळीत फिकट रेघ होती, जुन्या शिवणीसारखी. आणि त्या रेघेवर काही नव्हतं. गुलाबी पाणी लागलं होतं, ते मी कापसाने पुसलं, त्याखाली कातडी कोरडी, धड.

"टाचेपासून सुरू कर," ते म्हणाले. "टाच?"

"काही नाही."

चवडा, अंगठ्याखाली, प्रत्येक बोटाच्या फटीत. ते एकेक जागा सांगत गेले आणि मी बोट लावून बघत गेले, काही नाही, काही नाही, काही नाही. मग दुसराही पाय तसाच बघितला. दोन्ही पोटऱ्या दाबून बघायला लावल्या, एक दुसरीपेक्षा जास्त फुगलीय का, गरम लागतेय का. नव्हती. मी मोजा उलटा केला तर लाल रंग सगळा बाहेरून, गादीच्या शिवणीभोवती पसरलेला, कडेला गुलाबी होत गेलेला. मी दोरा ओल्या कापसावर घासला तर कापूस लालभडक झाला. ह्यांनी तो कापूस हातात घेऊन नीट बघितला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे बघितलं. माझा जीव भांड्यात पडला.

आता हे मला दोऱ्यावरून काहीतरी सुनावणार म्हणून मी तयारीत होते. सकाळच्या बुटांचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ह्यांनी तोंड फिरवलं, खिडकीकडे. खांदे हलत होते.

"इकडे बघा," मी म्हटलं. "मी पेशंट नाही."

तेव्हा ते वळले, आणि आम्ही दोघंही तसेच बसलो, पाय माझ्या मांडीवर, ती मुलगी पाठ करून उभी. तिला बिचारीला वाटलं असेल की काहीतरी भयंकर झालंय. मी तिला खुणेने सांगितलं, ठीक आहे, सगळं ठीक आहे, तेव्हा तिनेही मोठा श्वास सोडला आणि आम्हाला चहा आणून दिला. बिनसाखरेचा, मी न सांगता.

पुढचे सात तास आमचे मजेत गेले, खोटं कशाला बोलू. ओले मोजे काढून पिशवीतला कोरडा जोड चढवला. बुटांच्या नाड्या पुऱ्या ओढून काढल्या, जिभा बाहेर खेचल्या, तेव्हा पाय आत गेले. नाड्या मी पर्समध्ये टाकल्या. तासाला दोघं मिळून चालायचो, मी पुढे आणि हे मागून फटक फटक करत. मी बुटांवरून दोनदाच बोलले. ते दोऱ्यावरून एकदाही नाही, फक्त पाणी पिताना एकदा म्हणाले की भिजवून बघितलेलं बरं असतं कापड. मी ऐकून घेतलं.

बाहेर आलो तर लेक कठड्याला पोट लावून उभी. तिने ना माझ्याकडे बघितलं ना बापाच्या तोंडाकडे, आधी खाली बघितलं. बिननाडीचे, जिभा लोंबणारे बूट बघून तिचा चेहरा उतरला. हे म्हणाले, "दोन्ही आणलेत." आणि तिथल्या तिथे दोन्ही पाय आळीपाळीने उचलून दाखवले, कवायतीसारखे. मग ती त्यांच्या गळ्यात पडली.

नऊ दिवसांनी नात झाली. ह्यांनी तिला उभ्याने घेतलं, खिडकीपाशी नेऊन चादर बाजूला केली आणि पहिल्यांदा पाय बघितले, एकेक बोट मोजत. दहा आहेत म्हणाले. लेक पलंगावरून म्हणाली, बाबा, चेहरा वरच्या बाजूला असतो.

आरसा साड्यांच्या घडीतून अगदी सुखरूप निघाला. मी तो काढून ह्यांच्या पुढे ठेवला, तर त्यांनी जावयांना दिला. जावई रोज त्यात दाढी करतात. आणि संध्याकाळी हे दार न लोटता माझ्याजवळ येऊन बसतात, मोजे काढतात, आणि पाय माझ्या मांडीवर टाकून म्हणतात, टाचेपासून सुरू कर.